सत्तारभाईचं नाक

सत्तारभाई मेकॅनिक दुपारी बारापर्यंत चहा पीत नाही. हैदराबादेत राहून! अफझलगंजात दुकान, समोर इराणी हॉटेल, आणि हा माणूस सकाळपासून नुसतं पाणी पीत बसलेला. का, तर चहानं नाक खराब होतं. गाडीच्या धुराचा वास घेऊन तो गाडीचं दुखणं सांगतो.

अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला तो दुकानात घेत नाही. एकदा एक शेरवानीवाला बडा माणूस आला, तर ह्यानं लांबूनच हात केला. "आप सडक के उधर ठहरो मियाँ, गाडी कू अकेली भेजो." तो बिचारा पलीकडून ओरडून गाडीची तक्रार सांगत होता, मधून बसा जात होत्या. मी हसलो. तर माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम भी पीछू हटो कांबळेसाब, बाम लगाके आए." खरं होतं. गुडघ्याला लावला होता.

ट्रायलला तो कायम पुढच्या सीटवर बसतो, डॅशबोर्डला कान लावून. मी बँकेत ड्रायव्हर होतो तेव्हा एकदा आमचे मोठे साहेब पुढं बसलेले. सत्तारभाईनं त्यांना उठवून मागं बसवलं. "पीछे से इंजन की बात सुनाई नई देती," म्हणाला. साहेब मुकाट्यानं मागं गेले. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडतो.

मी नांदेडकडचा, चौथी शिकलेला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःची घेतली. जुनीच, टर्बोवाली डिझेल. सुमन, माझी बायको, म्हणाली, "जन्मभर लोकांच्या बायका मागं बसवून हिंडवल्या. आता मी पुढं बसणार." बसली. ठेंगणी होती, तिला रस्ता दिसायचा नाही. मग सीट पुढं ओढली, खाली उशी घातली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. उशी आहे.

ह्या वर्षी गाडी पांढरा धूर टाकायला लागली. थोडा नाही. बरकतपुऱ्यातली आमची गल्ली दिसेना. शेजारीण वाळत घातलेल्या साड्या उचलत शिव्या द्यायची. एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथं टाय लावलेल्या पोरानं वायर जोडली, पडदा बघितला, म्हणाला, "अंकल, टर्बो गेला. इंजिनही गेल्यात जमा. काढून टाका." बॉनेट उघडलं नाही, गाडीला हात लावला नाही. डॉक्टरनं फोटो बघून माणूस मेला म्हणावं तसं.

माझा मुलगा मिलिंद, गच्चीबावलीत कंप्युटरच्या कंपनीत आहे, तोही त्या टायवाल्याच्याच बाजूचा. "बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा. रविवारी भंगारवाला येतोय, मी बोललोय."

मी म्हणलं, "त्याला सांग, बाप पण घेऊन जा. त्याचंही इंजिन गेल्यात जमा आहे."

फोन ठेवला आणि गुरुवारी सकाळीच गाडी घेऊन सत्तारभाईकडं गेलो. बाम न लावता.

तोंड उघडलं तर म्हणाला, "तुम नक्को बोलो. गाडी कू बात करने दो." गाडीच्या मालकाला तो काही विचारत नाही. मालक खोटं बोलतात, म्हणतो. इंजिन थंड होऊ दिलं, मग चालू केलं. धुतलेलं पांढरं फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं, मग नाकाशी नेलं. डोळे मिटले. लग्नातली बिर्याणी उघडल्यावर म्हातारे घेतात तसा लांब वास घेतला.

"मीठा नई है. पानी नई जलरा." इंजिन थंड ठेवायचं रंगीत पाणी आत जळत असलं तर धूर गोडसर लागतो. पाण्याचा डबाही भरलेला होता.

मग धुरात तोंड घालून डोळे उघडले. डिझेल कच्चं जात असलं तर डोळे झोंबतात. "आँखाँ ठीक. आँसू नई."

मग फडकं उन्हात धरलं. त्यावर पापडाच्या कागदासारखा तेलकट डाग. "तेल," म्हणाला. "टर्बो में से उतररा."

"म्हणजे टर्बो गेलाच? वर्कशॉपातला टायवाला म्हणत होता तसा?" मी विचारलं.

"टायवाला? नाक है उसकू?" त्यानं पाइप काढला, टर्बोचा दांडा दोन बोटांनी धरून हलवला. जराही ढिला नव्हता. "जवान है ये." मग टर्बोतलं तेल खाली उतरायची नळी सोडवली. आत जळक्या तेलाची काळी खर बसलेली, काडी जाईना. नळी हातात धरून तो तिच्याकडं बघत राहिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मालकाला सवाल केला.

"कांबळेसाब, इसकू लेके जाते किधर?"

"रोज चालू करतो."

"वो नई पूछा. जाते किधर?"

"कुठंच नाही. दारातच. बॅटरी उतरू नये म्हणून."

"बॅटरी कू पाव घंटा बस है. तुम कित्ता बैठते?"

"तास. कधी दीड."

त्यानं गाडीत डोकावलं. पुढं ओढलेली सीट बघितली, उशी बघितली. मग नुसतं इंजिनाचं बोलला. गाडी उभी राहून नुसती घुरघुरत ठेवली, की टर्बोला जोर येत नाही, नळीत खर धरते, खाली उतरायचं तेल झिरपून सायलेन्सरमध्ये जातं.

"म्हणजे हे मीच केलं."

"हौ. तुमिच किए."

माझी बाजू घ्यायला एक शब्द बोलला नाही. मलाही नको होता.

शनिवारी नळी साफ, तेल नवं. सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जाळायला गाडी लांब पळवायची होती. सत्तारभाईनं पुढचं दार उघडलं. उशीकडं बघितलं. दार हळूच लावलं आणि मागं जाऊन बसला.

"इधर से भी सुनाई देता," म्हणाला. "चलो."

रिंग रोडला पहिले काही मैल मागं ढगच ढग. मग विरळ. मग आरशात नुसता रस्ता, आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेला सत्तारभाई. परतताना मिलिंदचा फोन आला. गाडी कडेला घेऊन उचलला.

"बाबा, उद्या दहाला माणूस येईल. चावी काढून ठेवा."

"त्याला म्हणावं, दहाला गाडी घरी नसते. आता रोज फिरायला जाते. आणि पुन्हा भंगाराचं नाव काढलंस तर तुझ्या दारात आणून धूर सोडीन."

"पण बाबा, धूर तर..."

"गेला! नाकवाल्यानं काढला."

कोठीच्या चौकातल्या गर्दीत एक रिक्षा आडवी आली. ब्रेक दाबला, तशी सुमनची उशी पुढं घसरली. मागून ग्रीसनं काळा झालेला हात आला, थांबला, परत गेला. आधी शर्टाला पुसला. मग पुन्हा येऊन त्यानं उशी होती तशी सरळ करून ठेवली.

"ब्रेक हल्लू मारो मियाँ," सत्तारभाई म्हणाला. "उनकू तकलीफ होती."

"हौ," म्हणलं.