शिवरात्रीपर्यंत बंद

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर गारठा वाढला, तशी नृसिंहपंतांना बागेच्या दर फेरीला एकदा मुतारी लागू लागली. डॉक्टरांनी सकाळी चार फेऱ्या सांगितल्या होत्या, आणि आल्याचा चहा दोन कप पाजल्याशिवाय पत्नी सुमेधाबाई त्यांना घराबाहेर सोडत नसत. शेवगाव रस्त्यावरची ती बाग लहानशीच. चार बाकडी, एक कोरडं कारंजं आणि पत्र्याच्या दाराची एकच मुतारी. त्या सोमवारी दाराला कुलूप होतं.

"कारभारी, हे काय?" त्यांनी माळ्याला विचारलं.

"सायबांचा हुकूम हाय, अण्णा. थंडीत बागेत कुनी येत न्हाई, म्हनून शिवरात्रीपतुर बंद."

"अरे, मी येतो ना!"

"तुमी हुकमात न्हाई."

चौतीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेल्या नृसिंहपंतांना या उत्तरात खोट काढता येईना. ते नुसते या पायावरून त्या पायावर होत उभे राहिले. शेवटी कारभारीलाच दया आली. इकडंतिकडं बघून त्यानं कुलूप काढलं.

"बिगीनं या. माजी नोकरी हाय."

नृसिंहपंत आत शिरले आणि फाटकाशी साहेबांच्या सायकलची घंटी वाजली. कारभारीनं मागचापुढचा विचार न करता कडी घालून कुलूप लावलं.

आता ओरडावं तर कारभारीची नोकरी जाणार, गप्प राहावं तर साहेब हलेपर्यंत सुटका नाही. नृसिंहपंतांनी मफलर तोंडावर दाबला.

"कुलूप वेळेवर लावलंस ना?" बाहेर साहेबांचा आवाज आला.

"व्हय, सायेब. हिकडं चिटपाखरू फिरकत न्हाई."

साहेबांचे बूट जागच्या जागी करकरत होते.

"कारभारी, उघड ते."

"आं?"

"सहा मैल सायकल मारत आलोय या गारठ्यात. उघड!"

"पर हुकूम—"

"हुकूम मीच काढलाय!"

"म्हनूनच मोडवत न्हाई, सायेब."

"उघडतोस की नाही?"

दार उघडलं. नृसिंहपंत मफलर सावरत बाहेर आले आणि सवयीनं "नमस्कार" म्हणाले. साहेबांनी तो आत शिरता शिरताच घेतला. थांबून चौकशी करण्याच्या स्थितीत ते नव्हते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. तिघेही कारंज्याकडे बघत उभे राहिले.

"हुकूम असा आठ दिवसांत फिरवता येत नाही," साहेब अखेर म्हणाले. "वर कळवून झालंय."

"खरं आहे," नृसिंहपंत म्हणाले. वर गेलेल्या कागदाचं काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"कारभारी, दुसरी किल्ली आहे का रे?"

"हाय की."

"ती मला दे."

"आणि तिसरी करून घे," नृसिंहपंत हळूच म्हणाले.

संक्रांतीपर्यंत एकवीस किल्ल्या झाल्या. कुणी जानव्याला बांधली, कुणी करदोट्याला. हुकूम मात्र एकानंही मोडला नाही. प्रत्येक जण बाहेर पडताना आठवणीनं कुलूप लावत होता.