साडेसहा फुटांचा पलंग

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर लोक आधी पंखा लावून बघतात, नळाला पाणी आहे का ते बघतात. आमचे बापूदादा आधी पलंग मोजायचे. चपला काढायच्या आत शर्टाच्या खिशातून स्टीलची टेप निघायची, उशापासून पायथ्यापर्यंत करकरत जायची आणि दादा निकाल द्यायचे. "सहा फूट तीन. चालन." किंवा, "पाच अकरा. याले पलंग म्हनत नाईत, बाकडं म्हनतात." बाकडं ठरलं की दादा सामान उचलून दुसऱ्या हॉटेलात. सोबत असलेल्या माणसाचंही सामान उचललं जायचं. एका लग्नाला जाताना मी त्यांच्यासोबत दोन तासांत तीन लॉज बदलले आणि त्यानंतर त्यांच्यासोबत कुठे मुक्कामाला गेलो नाही.

बापूदादा माझे चुलतभाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, राहायला अकोल्याला. उंची सहा फूट एक इंच. नोकरी वजनमापे निरीक्षकाची. तीस वर्षं त्यांनी वऱ्हाडातल्या बाजारांत किलोची वजनं, कापडवाल्यांचे मीटर आणि पेट्रोल पंपांचे लिटर तपासले. महिन्यातले वीस दिवस दौरा आणि लॉजचा मुक्काम. निवृत्त झाले तेव्हा शिक्के परत केले, टेप मात्र खिशात राहिली. अमरावतीत आमच्या घराला फरशी बसवायची होती तेव्हा मी खोली मोजत होतो. दादांनी माझ्या हातावर चापट मारली. "ताणून धर, वसंता. टेप ढिली धरली का आकडा वाढते. आन वाढलेला आकडा म्हंजे चोरी." मी तेव्हा पन्नास वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा मास्तर. पण टेप ताणून धरली.

त्यांचा एकुलता एक मुलगा संजू ऑस्ट्रेलियात मोठ्या हुद्द्यावर आहे. तो दरवर्षी बापाला तिकडे बोलवायचा, तेही बिझनेस क्लासने. आमच्या खानदानात त्याआधी कोणी एसटीच्या एशियाड गाडीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे दादा परत आले की त्यांची मतं ऐकायला आमच्या ओसरीवर गल्ली गोळा व्हायची. दादा मतं फुकट द्यायचे, पण नरमाईने कधी दिली नाहीत.

"एअरपोर्टचं लाऊंज म्हंजे काय? मयतीच्या घरची बैठक. कोनी कोनाशी बोलत नाई, समदे मुंडकं खाली घालून बसले, आन आपल्याले बलावनं कवा येते याची वाट पाहून राह्यले. फक्त चहा बरा. थोही कप दीडशे मिलीचा सांगतात, भरतात एकशे वीस."

बिझनेस क्लासच्या खुर्चीचा पलंग होतो, हे ऐकून गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. दादांनी तो अर्थातच मोजला होता. हवाई सुंदरीला त्यांनी टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि त्या बिचारीने गुडघे टेकून ते धरलं. "जाहिरातीत साडेसहा फूट. निंगाले सहा फूट चार. दोन इंचाची चोरी, आन तेही आभायात! कुठी तक्रार करतं?" तरी त्यांनी तक्रार केलीच. कंपनीने उत्तरादाखल चॉकलेटचा डबा पाठवला. डब्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा चॉकलेटं अकरा ग्रॅम कमी भरली, आणि दादांचा विमानप्रवासावरचा उरलासुरला विश्वास उडाला.

तिकडच्या हॉटेलांचं तर सगळं पाठ. टॉवेल किती बाय किती, उशा किती, गादी किती इंच जाड. "नाश्त्याले बेचाळीस जिनसा. मोजल्या मी. पन तव्यावरची भाकर एकही नाई. आन टीव्ही लावला का त्याच्यावर लिवलेलं येते, वेलकम होम. कोनाचं होम? मी त दरवाजा कार्डानं उघडतो बावा!" सगळे हसायचे. दादा हसायचे नाहीत. त्यांच्या तोंडून सर्वांत मोठी शाबासकी निघायची ती एवढीच, "माप बरोबर हाय."

आता आमचं दुखणं सांगतो. दादा लग्नाला, मयतीला अमरावतीला यायचे आणि आमचं घर सोडून बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरायचे. आमच्याकडे सख्ख्या माणसाने गावात घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर दार लावणं. माझी बायको शोभा याच्यावरून दर वेळी आठ दिवस धुसफुसायची. "लोक मले इचारतात, तुमच्या घरी पानी नाई का म्हून! काय सांगू मी त्याइले?" दादांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मले घरं मानवत नाईत, शोभा. हॉटेलात कोनाचे उपकार नसतात." मला वाटायचं, विमानात बसून माणूस शेफारला. तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. आज त्याची लाज वाटते.

एकदा ओसरीवर असाच दरबार भरलेला. हॉटेलच्या बाथरूमचं माप चाललं होतं. शोभाने आतून सहज विचारलं, "दादा, संजूच्या घरी खोल्या किती हायेत?"

दादांनी टेप काढली, दोन बोटं बाहेर ओढली, पुन्हा आत सोडली. "हाय. मोठं हाय घर."

"आन सैपाकघर?"

"थेही मोठं हाय," दादा म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून लॉजवर निघून गेले.

मी गणिताचा मास्तर, पण हा हिशेब शोभाने आधी केला. कप उचलता उचलता म्हणाली, "मोठं म्हने! या मानसानं आयुष्यात कवा 'मोठं' म्हनलं का? फूट-इंच सांगते थो. दादा संजूच्या घरात गेलेच नाईत." मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. सहा वर्षं, सहा वाऱ्या, दर वेळी अकरा दिवस हॉटेल. संजू संध्याकाळी हॉटेलात येऊन बापासोबत जेवायचा आणि घरी जायचा. नातवाला आणायचा तो हॉटेलच्या लॉबीत. आम्ही गल्ली जमवून ज्या गोष्टींना हसत होतो, त्या एका माणसाला घराबाहेर ठेवल्याच्या गोष्टी होत्या.

गेल्या हिवाळ्यात दादांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे ठरले, रोज एक असे तीस, अमरावतीत. संजूने तिकडून फोन फिरवून डॉक्टर ठरवला, गाडी ठरवली आणि गावातल्या सर्वांत महागड्या हॉटेलात खोली ठरवली. पोरगं कशात कमी पडलं नाही. फक्त आलं नाही.

शोभा तिसऱ्या दिवशी त्या हॉटेलात गेली. मी मागे मागे. दादा एसीच्या थंडीत मफलर बांधून मोठ्या पलंगाच्या एका कडेला बसले होते. समोर सूप गार झालेलं. शोभा कपाट उघडून कपडे बॅगेत भरायला लागली.

"काहून वं?" दादा म्हणाले. आवाज निम्मा झाला होता.

"काहून म्हंजे? घरी चाला. पेज करून ठेवली हाय."

"संजूनं पैसे भरले हायेत..."

"भरू द्या. मी काय त्याच्या पैशाले आग लावून राह्यली? उठा."

आमच्याकडे एकच रिकामी खोली, तीही पूर्ण रिकामी नाही. गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि माझ्या वडिलांची खाट. वडील ठेंगणे होते. दादा त्या खाटेवर आडवे झाले तेव्हा घोट्यापासून पाय बाहेर. माझी नजर त्यांच्या खिशाकडे गेली. टेप निघाली नाही. शोभाने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून पायाखाली सरकवलं, त्यावर उशी ठेवली. दादा म्हणाले, "जमलं."

ते आमच्या घरात हॉटेलासारखे राहायला लागले. सकाळी चादरीची चौकोनी घडी. वापरलेला टॉवेल बाथरूमच्या फरशीवर, धुवायचा असला की तो असाच टाकायचा म्हणे. शोभा खोलीत झाडायला गेली की हे बाहेर जाऊन उभे. पेज आवडली का विचारलं तर "सर्व्हिस चांगली हाय" म्हणाले. शोभा माझ्याकडे बघून हसली आणि मोरीत जाऊन रडली.

चौथ्या दिवशी अकरा वाजता शोभाला ते बॅग भरून खाटेवर बसलेले दिसले. बॅग मांडीवर. तिने कपाळावर हात मारला. "आता कुठी चालले?"

दादा बराच वेळ बॅगेची चेन खालीवर करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "बारा वाजता खोली सोडा लागते ना. मी म्हनत होतो... लेट चेक-आऊट भेटन का?"

शोभाला चेक-आऊट काय ते ठाऊक नाही. पण तिला कळलं. तिने बॅग उचलून कोठीच्या मागे टाकली. "अथून कोनाले जाता येत नाई," ती म्हणाली. "हात धुवा."

त्या दुपारी दादांनी मला ते सांगितलं. तीस शेक संपायच्या आत सांगून टाकावं असं त्यांना वाटलं असेल. कमलवहिनी, त्यांची बायको, गेली तेव्हा ते दौऱ्यावर होते एवढंच आम्हाला माहीत होतं.

"तिले तापात जास्त झालं. संजू सोया वर्साचा, एकटा जवय. त्यानं शेजारच्याच्या फोनवरून लॉजवर फोन लावला. मी घरी लॉजचं नाव देऊन ठेवलं होतं. पन मी तथी नव्हतो, वसंता. थ्या लॉजचा पलंग चार इंच कमी होता. मी संध्याकायी दुसरीकडे गेल्तो. संजूनं नऊ डाव फोन लावला. नऊ डाव त्याले सांगितलं, साहेब अथी नाईत. मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. गिळायला त्रास होत होता. "चार इंचापायी. संजूनं मले एकच इचारलं, बाबा, पलंग पुरला का? बस. त्याच्यानंतर त्यानं मले कवाच कमी पलंगावर झोपू देलं नाई. साडेसहा फुटाच्या खाली बुकच करत नाई थो."

इतकी वर्षं मी याला श्रीमंती समजत होतो. पोराने बापाला शिक्षाही बिझनेस क्लासची दिली होती, आणि बापाने ती एक इंच कमी न करता घेतली होती.

दोन दिवसांनी संजूचा फोन आला. हॉटेलवाल्याने खोली रिकामी असल्याचं कळवलं होतं. मी दारात उभा होतो, फोनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"बाबा, काकांचं घर लहान आहे. तुम्ही परत जा हॉटेलात. तिथं पलंग तरी पुरतो का तुम्हाला?"

दादा खाटेवर आडवे होते. पाय स्टुलावर. त्यांनी एकदा पायांकडे पाहिलं.

"पुरते," ते म्हणाले. "साडेसहा फूट हाय. मी मोजला."

मग संजू म्हणाला, "बरं. राहा मग." फोन बंद झाला.

दादांनी मला दारात पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या दुकानदारासारखे ओशाळले. मग बारीक आवाजात म्हणाले, "थोडी ढिली धरली टेप. कोनाले सांगू नको."

तेविसाव्या शेकानंतर दादा गेले. आमच्याच घरात, त्याच खाटेवर, दुपारी. शोभा डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

संजू तेरवीच्या आदल्या दिवशी आला. बापासारखाच उंच, आमच्या दारात वाकून शिरला. सामान हॉटेलात ठेवून आला होता. पंधरा मिनिटं खुर्चीच्या काठावर बसला, खर्च किती झाला ते विचारलं, शोभाने चहा पुढे केला. मग म्हणाला, "काकू, बाबा कुठल्या खोलीत होते?"

शोभाने खोली दाखवली. तो कोठी आणि मशीनच्या मधून अंग चोरून आत गेला. खाटेकडे बघत उभा राहिला. "दुसरा पलंग होता ना? मोठा?"

"हाच व्हता," शोभा म्हणाली.

संजू खाटेवर बसला. मग बूट न काढताच आडवा झाला. घोट्यापासून त्याचे पाय बाहेर आले. तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

"मला साडेसहा फूट सांगितला होता," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सोळा वर्षांच्या पोराचा झाला. "बाबा खोटं माप सांगत नाहीत, काकू. कधीच नाही."

शोभाने त्याचे बूट काढले आणि स्टूल ओढून त्याच्या पायाखाली सरकवलं.