एका टायमाले एकच लॉट

आमच्या घरचा पहिला चहा रंगारी काकांनी रिजेक्ट केला.

जवाहरनगरजवळच्या त्या वस्तीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून पोत्यांतच होतं. शेजारचे पांढऱ्या मिशांचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ ओळख करून घ्यायला आले म्हणून माझ्या बायकोनं, सुषमानं, घाईघाईत चहा टाकला. त्यांनी कप उजेडाकडे धरून रंग पाहिला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि कप परत ट्रेमध्ये ठेवला.

"पत्ती चांगली हाये सूनबाई, उकळी कमी पडली. रिवर्क," ते म्हणाले आणि खुर्चीत आरामात टेकून बसले.

सुषमा माझ्याकडे पाहू लागली. मी भिंतीकडे पाहू लागलो. चहा पुन्हा उकळून आला तेव्हा काकांनी तो तळापर्यंत संपवला, 'पास' असा निकाल दिला आणि आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगून निघून गेले. रागवावं की हसावं हे आमचं बराच वेळ ठरेना.

शामराव रंगारी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी आलेला माल गेज लावून तपासला आणि तीनच निकाल दिले: पास, रिवर्क, रिजेक्ट. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, खाकी कपडे सुटले, तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी तपासली जायची, लाइनमनची जोडणी तपासली जायची, वस्तीतल्या मुलींसाठी आलेली स्थळंही त्यांच्या नजरेखालून जायची. स्वतःच्या जावयाला त्यांनी लग्नानंतर कितीतरी वर्षं रिवर्कमध्ये ठेवलं होतं. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाल्यापासून गोंदियाकडचा तांदूळ 'बाहेरचा माल' म्हणून रिजेक्ट होता. त्यांची सख्खी बहीण गोंदियालाच दिलेली. ती दरवर्षी पोतंभर तांदूळ पाठवायची आणि काका तो वर्षभर खायचे. खाऊन पाहिल्याशिवाय रिजेक्ट कसा करणार, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरातली एकच गोष्ट त्यांच्या गेजमध्ये बसत नव्हती, ती म्हणजे शेवंताकाकूंचा थकवा.

काकूंना संधिवात होता. बोटं, मनगटं, गुडघे सुजायचे. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधानं सूज आटोक्यात आली, दुखणंही बरंच कमी झालं, पण थकवा जाईना. काकू सकाळी उठायच्या त्याच थकलेल्या. वेणी घालायला बसल्या की अर्ध्यावर हात खाली यायचे आणि त्या फणी मांडीवर ठेवून भिंतीला टेकायच्या. सुषमानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंगात ओल्या धानाचं पोतं भरून ठेवल्यावानी वाटते माय. माहं मलेच उचलत नाई."

बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नसे. चेहरा बरा, बोलणं नीट, हातपाय जागेवर. त्यामुळे नातेवाइकांनी त्यांना आळशी ठरवून टाकलं होतं. त्यांचं माहेर साकोलीजवळच्या एकोडीचं. तिकडच्या भावजयीनं एका लग्नात चारचौघींत म्हटलं होतं की आमच्या नणंदबाईंना बसल्या जागी ताट लागते. काकू त्यावर हसल्या होत्या. माहेरी जाणं मात्र त्यानंतर बंद झालं.

काकांनी मग हे काम हाती घेतलं. ज्यानं ज्यानं जे जे सुचवलं ते घरात येऊ लागलं. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पानांची पावडर आली, जवस आलं, अश्वगंधा आली, माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सुली आल्या. पद्धत मात्र फॅक्टरीतली. "एका टायमाले एकच लॉट," ते मला बजावून सांगत. दोन वस्तू एकत्र सुरू केल्या तर गुण कोणाचा अन् दोष कोणाचा ते कळणार कसं? दुसरा नियम असा की कुठलीही वस्तू काकूंच्या तोंडात जाण्याआधी काकांच्या तोंडात जायची. त्यांना काही झालं नाही तरच ती पुढे सरकायची. आणि तिसरा नियम निकालाचा. काकूंची वेणी एका बैठकीत झाली तर पास, नाही तर रिजेक्ट.

या सॅम्पल तपासणीनं वस्तीची चांगलीच करमणूक केली. माशाच्या तेलाच्या दिवसांत विहारात वंदनेला सगळे डोळे मिटून बसलेले असताना काकांना ढेकर आला आणि पुढच्या दोन रांगांनी डोळे उघडले. प्रोटीन पावडरचा डबा आला, त्यावर दंड फुगवलेल्या पहिलवानाचं चित्र होतं. काकांनी तो महिना इमानेइतबारे चॉकलेटी दूध पिऊन काढला. सकाळी बनियनवर अंगणात उभे राहून ते स्वतःचा दंड दाबून बघत. "चित्रात जे हाये ते आतमंधी नाई," असा शेरा मारून त्यांनी डबा मांजराच्या पिल्लांना झोपायला दिला.

काकूंची वेणी अर्ध्यावरच थांबत राहिली.

एके दिवशी बाजारात तंबू टाकून बसलेल्या एका वैद्याकडून काकांनी तपकिरी चूर्ण आणलं. नियमाप्रमाणे आधी स्वतः घेतलं आणि चार-सहा दिवसांत माणूस बदलून गेला. पहाटेच अंगण झाडून व्हायचं. गल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. मी ड्युटीला वरठीला निघायच्या आत माझी मोटरसायकल धुऊन चकचकीत उभी असायची. गुडघेदुखी विसरून ते छतावर चढले आणि कोणी न सांगता आमची पाण्याची टाकी साफ करून आले. मग चूर्ण काकूंना सुरू झालं. आठवडा उलटतो न उलटतो तोच एका सकाळी काकू स्वतः आमच्या दारात उभ्या. पाठीवर घट्ट वेणी, हातात करंज्यांचं ताट. सण नव्हता, पाहुणे नव्हते. करता आल्या म्हणून केल्या होत्या.

काकांनी त्या दिवशी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

पुढे काकूंचा चेहरा भरू लागला. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. चेहरा भरतच गेला, पार गोल झाला, आणि नेहमीच्या तपासणीला गेल्यावर रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी दुसरं काय घेता ते खोदून खोदून विचारलं आणि पुडी मागवली. त्यांनी सांगितलं की आत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही, पण असल्या चूर्णात बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि त्यांना शंका तीच होती. एकदम बंद करू नका, त्यानंही धोका असतो. मी सांगेन तसं हळूहळू सोडवू, म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

काका दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी वैद्याला शोधायला गेले. तंबूच्या जागेवर खुंट्यांची भोकं तेवढी होती.

त्यानंतर त्यांनी निकाल देणं सोडलं. वांगी आली तशी घेतली. आमच्याकडे येऊन बसायचे, पण गप्प. सुषमानं एकदा मुद्दाम पाणचट, बिनसाखरेचा चहा दिला, काही तरी बोलतील म्हणून. त्यांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला. सुषमा आत येऊन डोळे पुसत बसली.

"खराब माल मी पास केला प्रमोद," ते मला एवढंच म्हणाले. "अन् कोनाच्या ताटात वाढला, पाहा."

त्यांना उठवलं ते काकूंनीच. थकवा पुन्हा परतला होता, जास्तच जोरानं. मी एका संध्याकाळी कसलंसं पार्सल द्यायला गेलो, तेव्हा त्या खाटेवर पडूनच नवऱ्याशी बोलत होत्या. मला पाहूनही त्या थांबल्या नाहीत.

"तोंड पाडून कायले बसले? खोट्या ताकदीनं का होईना, मी करंज्या केल्या ना जी? तवा मले समजलं का मी अजून आहो आतमंधी. नाई तर मले वाटे, मी संपली. आता मले बाहेर काढा. पण आता तपासतीन डॉक्टरीणबाई. तुमी हेल्पर."

आयुष्यभर इन्स्पेक्टर राहिलेला माणूस त्या दिवशी हेल्पर झाला. दोघं भंडाऱ्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी काकूंचं रक्त नव्यानं तपासून घेतलं. संधिवाताचा थकवा वेगळा असतोच, पण त्याच्यावर आणखी काय काय बसलंय ते बघू, म्हणाल्या. बरंच काही बसलेलं निघालं. रक्त कमी, बी-ट्वेल्व्ह कमी, व्हिटॅमिन डी तर अगदी तळाला. त्यांनी त्या-त्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणात काय वाढवायचं ते सांगितलं, रोज थोडं चालायचं आणि थकण्याआधी बसायचं, हेही सांगितलं. जादू होणार नाही, हे पुन्हा पुन्हा बजावलं. जेवढं कमी आहे तेवढं भरून निघेल, दुखणं आपल्या जागी राहील.

काकांना त्या एवढ्याशा गोळ्या पाहून फार निराशा झाली. त्यांना काही तरी मोठं अपेक्षित होतं. शिवाय सवयीप्रमाणे ते पहिली गोळी स्वतः घ्यायला निघाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हात धरला. ज्याच्यात कमी आहे त्यालाच भरायचं, म्हणाल्या. काका हट्टाला पेटले. स्वतःचंही रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट घेऊन परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे आमच्याकडे आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "माहं सगळं नॉर्मल हाये."

पहिले काही आठवडे काहीच घडलं नाही. काका रोज फाटकापर्यंत आणि नंतर विहारापर्यंत काकूंबरोबर चालायचे. वाटेत तीन-चार घरांच्या ओट्यांवर त्यांची बसायची जागा ठरलेली. मग हळूहळू, दिवसाचं नाव सांगता येऊ नये अशा बेतानं, काकू सरळ होत गेल्या. दुपारी भांड्यांचा आवाज येऊ लागला. ओट्यांवरचं बसणं कमी झालं. कधी वाईट दिवस यायचाच, पण तो आता आला तसा निघून जायचा. एक दिवस सुषमानं मला खिडकीशी बोलावलं. समोरच्या अंगणात काकू वेणी घालत होत्या, काका पेपर उलटा धरून बसले होते, आणि वेणी पूर्ण झाली.

आषाढात काकूंनी जाहीर केलं की त्यांना एकोडीला जायचंय, रोवण्याला. लहानपणी धानाच्या रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, त्या सगळ्यांत पुढे असायच्या, गाणंही त्यांच्याच तोंडून सुरू व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी तासाभराची परवानगी दिली. मी माझी जुनी चारचाकी काढली. काकांनी तिच्यात घडीची खुर्ची, छत्री, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर, दोन चादरी आणि उशी भरली. साकोलीपर्यंत ते मला सारखं हळू चालव म्हणत होते.

बांधीत, धानाच्या त्या खाचरात, गुडघाभर चिखल होता, बाया ओळीनं वाकलेल्या. भावजय धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. तिनं आधी काकूंकडे आणि मग त्या खुर्चीकडे पाहिलं. काकूंनी लुगडं खोचलं, परह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंडी उचलली आणि चिखलात उतरल्या. काका छत्री मिटलेलीच धरून धुऱ्याधुऱ्यानं त्यांच्या बरोबरीनं सरकत राहिले. काकू सुरुवातीला मागे पडल्या. मग बोटांना जुनी ओळख पटली. थोड्या वेळानं त्यांनी गाणं उचललं. आवाज आधी फाटला, नंतर बसला, आणि सगळी ओळ त्यांच्या मागून म्हणू लागली. भावजय धुऱ्यावरून उतरली आणि त्यांच्या शेजारी वाकून रोवू लागली. तासाची परवानगी केव्हाच संपली होती. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी मान वळवून घेतली.

बांधीचा तो कोपरा हिरवा झाल्यावर काकू बाहेर आल्या आणि ओल्या गवतावर धपकन बसल्या.

"थकली बावा मी," त्या म्हणाल्या. "कंबर मोडली माही."

भावजय घाबरून खुर्ची आणायला धावली. काकांनी तिला हातानं थांबवलं.

"राहू द्या जी. थकू द्या तिले. इतके वर्सं काहीच न करता थकत होती ते. आज काम करून थकली."

मग ते स्वतः इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात उकिडवे बसले, बाटलीचं झाकण काढलं आणि काकूंच्या पायांवर पाणी ओतत, बोटाबोटांमधला चिखल अंगठ्यानं काढू लागले. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या भावजयीला सांगत होत्या की परहे जरा दाट पडलेत, उद्या पातळ रोवा. बांधीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकांनी एक पाय धुतला, आपल्या रुमालानं कोरडा केला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.