आधी पोराला जेवाय बसवा

बबनमामांना कुणी विचारलं, "मामा, आपल्याकडं चांगलं जेवण कुठं मिळतं?" तर मामा उत्तर देत नाहीत. उलट विचारतात, "कुणाबर जायाचंय?"

विचारणाऱ्याला भूक लागलेली असते आणि मामा चौकशी लावतात. त्यांचं म्हणणं असं, की चांगलं हॉटेल अशी काही गोष्टच नसते. सोबत कोण आहे, त्यावर हॉटेल ठरतं.

"सासऱ्याला न्यायचं आसंल तर यवतला स्टँडसमोरच्या मिसळीवर न्या. ती एवढी जाळ आसती, की म्हातारं घाम पुसत बसतं. जमिनीचं बोलायला त्याला तोंडच ऱ्हात न्हाई. भावकीतलं भांडान मिटवायचं आसंल तर पाटसच्या पुढं, चिंचंखालचा ढाबा. तिथं जेवान यायला इतका येळ लागतो, की मान्सं भांडत्यात, दमत्यात, समेट करत्यात आन् मंग जेवत्यात. आन् सायबाकडनं काम काढायचं आसंल तर शिरूरच्या अंगाला मटनाची खानावळ हाय. फकस्त नळी सायबाच्या ताटात आधी पडली पायजे."

यवतपासून दौंडपर्यंत आणि भीमेच्या पलीकडं न्हावरा, शिरूर, अशी मामांची हद्द आहे. या हद्दीतल्या कुठल्या हॉटेलात कुठलं टेबल डुगडुगतं, हे सुद्धा त्यांना माहीत असतं. मुद्दाम डुगडुगत्या टेबलावर कुणाला बसवायचं, हेही ठरलेलं असतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. यवतजवळ त्यांची शेवंती आणि झेंडू आहे, फुलं पुण्याच्या मार्केटला जातात. अंगानं काटक. एवढी हॉटेलं फिरूनही त्यांना पोट नाही, कारण ते खातात कमी आणि बघतात जास्त. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरचा स्वयंपाक स्वतःच करतात आणि त्याबद्दल त्यांचं मत अजिबात चांगलं नाही.

आता मी कोण, ते सांगते. मी पूनम. आईकडच्या आणि वडलांकडच्या, दोन्ही घरांतली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. दौंडच्या कॉलेजातून, रोज एसटीत उभं राहून केलेलं. हे मी आपण होऊन सांगते, कारण लोक मुलीला शिक्षण विचारतात ते फक्त बायोडाटात भरायला. सणसवाडीच्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे, तिथंच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, रविवारी घरी येते.

आणि रविवारी घरी आलं की मुलगा बघायचा असतो.

आमच्याकडं आता दिवस फिरलेत. पूर्वी मुली दाखवायचे, आता मुलं दाखवतात. दारात ट्रॅक्टर, शेताला पाणी, रस्त्याला लागून जागा, असं सगळं असलेली मुलं इस्त्रीचा शर्ट घालून बसलेली असतात आणि मुलगी हो म्हणेना. त्यामुळं मुलाकडचे काहीही ऐकतात. मामांचं सुद्धा ऐकतात. मामांची अट एकच: "बायोडाटा ठिवा झाकून. आधी पोराला जेवाय बसवा."

कुणाला कुठं न्यायचं, ते मामा ठरवणार. मी बरोबर असायचं, पण बोलायचं नाही.

पहिला मुलगा इंजिनियर होता, स्वतःच्या गाडीतून आला. मामांनी त्याला दौंड स्टेशनबाहेरच्या आम्लेटच्या गाडीवर नेलं. सगळे उभे राहून खात होते. हा गाडीतच बसला, एसी चालू ठेवून, आणि काच खाली करून हात बाहेर काढला.

"खाली उतरला न्हाई," मामा आईला म्हणाले, "आन् काच बी निम्मीच घेतली. नापास."

दुसऱ्याला मिसळीवर नेलं. त्यानं घास घ्यायच्या आधीच लिंबू पिळलं.

"चव बघायच्या आधी लिंबू. ह्यो बायकोचं बोलनं पुरं व्हायच्या आधीच उत्तर देनार. नापास."

माझे वडीलही आधी लिंबू पिळतात. आईनं त्यांच्याकडं अशी काही नजर टाकली, की तेव्हापासून अण्णा मिसळ भिंतीकडं तोंड करून खातात.

तिसऱ्याला चिंचेखालच्या ढाब्यावर नेलं. मागवला अख्खा मसूर. वेटरशी मामांनी आधीच संगनमत केलेलं, त्यानं आणून ठेवली शेवभाजी. मुलगा बिचारा काही न बोलता जेवला. मला तो गरीब स्वभावाचा वाटला.

"गरीब कसला. आपन काय मागितलं, ह्येच त्याच्या ध्यानात न्हाई," मामा म्हणाले. "उद्या मांडवात दुसरीच उभी केली तरी हार घालंल."

चौथ्यानं त्याच शेवभाजीवरून वेटरला झाप झाप झापलं. तोही नापास.

आई वैतागली. "दादा, गप खाल्लं तरी नापास, बोललं तरी नापास. मग पोरानं करायचं काय?"

"वेटरला 'मामा, हे आपलं न्हवं' म्हनायचं. हसून. एवढंच. त्यात काय अवघड हाय?"

"अवघड नाही, पण तुला नवरा शोधायचाय का वेटर ते सांग एकदा."

मामा जेवत राहिले.

मग नितीनचा बायोडाटा आला. शिरूर तालुक्यातला, सणसवाडीलाच नोकरी, क्वालिटी डिपार्टमेंट. लांबच्या एका आत्याकडून स्थळ आलं. मी बायोडाटा दोनदा वाचला, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "बरा वाटतोय."

खरं म्हणजे दोन वर्षं आम्ही एकाच कँटीनमध्ये जेवत होतो. आत्याला मीच फोन करायला लावला होता. आमच्याकडं सरळ सांगितलं की गोष्ट वाकडी होते, म्हणून वाकड्या वाटेनं सरळ करायची.

पण मामांनी नाही म्हटलं की आई नाही म्हणणार, हे नक्की होतं. तेव्हा मी नितीनची तयारी करून घेतली. परीक्षेची तयारी मला कुणी शिकवायला नको.

"लिंबू शेवटी. वेटरला मामा म्हण. नळी आली तर ती आमच्या मामांच्या ताटात. फोन खिशात. चुकीची भाजी येणार. आली की हसायचं आणि 'मामा, हे आपलं नव्हे' म्हणायचं."

"आणि जेवू कधी?" नितीननं विचारलं.

"तू जेवायला नाही चाललास."

त्या रविवारी मामांनी चिंचेखालचा ढाबाच निवडला. मी मनात म्हटलं, सुटले. नितीन उत्तम चालला होता. वेटरला मामा म्हणाला. पाण्याचा जग आधी मामांपुढं सरकवला. कांदा फोडून अर्धा मामांच्या ताटात ठेवला. मग वेटरनं भाजी आणली आणि नितीन गोड हसून म्हणाला, "मामा, हे आपलं नव्हे."

वेटर जागच्या जागी थांबला. "आवं, तुमीच मागितलंय की. अख्खा मसूर."

अख्खा मसूरच होता. त्या दिवशी मामांनी वेटरला काही सांगितलंच नव्हतं.

मामांनी मसूर वाढून घेतला, जेवले, नितीनशी पावसापाण्याचं बोलले. घरी आल्यावर ओसरीवर पाय धुताना आईला म्हणाले, "पेपर फुटलाय. ते पोरगं जेवलंच न्हाई, पेपर सोडवून गेलं. नापास."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच मामांच्या शेतावर गेले. मामा झेंडू निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. कँटीन, आत्या, तयारी, सगळं. मामा ऐकत होते आणि फुलं निवडत होते. त्या निवडण्यानं माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला कुणाला पास करायचंच नाहीये, मामा. माझं लग्न झालं तर तुमच्याबरोबर हॉटेलात यायला कुणी राहणार नाही, म्हणून चाललंय हे."

मामांचा हात थांबला. बोलल्यावर मला कळलं, की मी फार बोलले. पण परत कसं घेणार.

"चपला घाल," मामा म्हणाले. "जेवाय जाऊ."

मोटरसायकलवर आम्ही दौंडला गेलो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत एक राईसप्लेटवाला आहे. या हॉटेलाचं नाव मी मामांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि का ते पहिल्या घासाला कळलं. आमटी पाणी, भात गिच्च, लोणचं तेवढं बरं. मी रागात होते. रागात मी सावकाश जेवते आणि भरभर बोलते. नितीन कसा आहे, मी आजारी पडले तेव्हा त्यानं डबा कसा आणून दिला, सगळं सांगत सुटले. मामांचं ताट कधी रिकामं झालं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. ते तसेच बसले होते. हात ताटावर वाळून गेला होता.

"मामा, हात धुऊन घ्या की."

"तुझं हुंदे."

मी दोन घास खाल्ले. मग मामाच बोलले.

"तुझ्या मामीला मी हाटेलात एकदाच आनली. हितंच. दवाखान्यात दावायचं व्हतं, दुपार झाली, म्हनलं जिवू. तिनं कवा हाटेल बघितलेलं न्हाई. पदर सावरत, इकडं तिकडं बघत हळूहळू खात व्हती. मी आपला भराभरा जेवलो, हात धुतला आन् तंबाखू मळत बाहीर जाऊन हुबा ऱ्हायलो. आत सगळे गडी. ती एकलीच बसलेली. माझ्या मागनं लगेच आली. म्हनली, पोट भरलं."

मी घास खाली ठेवला.

"खा तू," मामा म्हणाले. "मी बी म्हनलं, भरलं आसंल. यष्टीत बसलो. माझा डोळा लागला म्हनून तिनं पिशवीतनं शिळी चपाती काढली आन् नुसतीच खाल्ली. खिडकीकडं तोंड करून. माझा डोळा लागलाच न्हवता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. झोपल्यालाच ऱ्हायलो." मामांनी ताटातला भाताचा एक वाळका कण बोटानं उचलला. "परत आनीन, चांगल्या हाटेलात आनीन म्हनत व्हतो. कुठलं चांगलं, ते शोधाय लागलो. तवर ती गेली."

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली.

"लिंबू, शेवभाजी, ती माझी करमनूक हाय, पूनम. मला बघायचं एकच आसतं. तुझं जेवान हुस्तवर ताटावर कोन बसतंय. पन त्यातला एकबी तिथवर पोचला न्हाई." मग म्हणाले, "त्या पोराला आन हितं. आन् हे त्याला सांगितलंस, तर लग्नात तुझ्या मागं मामा म्हनून दुसरं कुनीतरी हुबं कर."

मी नितीनला सांगितलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत कसं दम धरून बसले, ते माझं मला ठाऊक. रोज कँटीनमध्ये तो समोर जेवायचा आणि मी बघायचे. शिफ्टचा माणूस. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात रांग. तो चार मिनिटांत ताट साफ करून उठायचा. दोन वर्षं उठत होता. मला कधी काही वाटलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं त्याच टेबलावर बसलो. नितीनला यावेळी काहीच पढवलं नव्हतं, त्यामुळं तो आधी घाबरला आणि मग मोकळा झाला. "आमटी जरा पातळ आहे," असं सरळ म्हणाला. मामा हसले. दोघांचं झेंडूच्या रोपांवरून बोलणं लागलं. मी जेवत होते. मुद्दाम सावकाश नाही, पण घाईही केली नाही.

मामांचं झालं. हात ताटावर ठेवून बसले.

नितीनचं झालं. तो पाणी प्यायला आणि खुर्ची मागं सारून उठला.

मामांनी मान खाली घातली. नितीन बेसिनकडं निघाला होता. माझ्या ताटात अजून निम्मा भात होता. मला मामींची एसटीतली खिडकी आठवली. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, पण मी शिकलेली बाई आहे, माझी बस अजून सुटलेली नव्हती.

"नितीन, बस," मी म्हणाले. "माझं व्हायचंय अजून."

मामांसमोर मी त्याला अरे-तुरे केलं, हे मला नंतर कळलं. नितीन वळला. माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं.

"मला वाटलं झालं तुझं."

"नाही झालं."

"बरं." तो आला, खुर्ची ओढून बसला. जरा वेळ काय करावं त्याला कळेना. मग वेटरला हाक मारून अजून एक चपाती मागितली. भूक नव्हतीच, चिमणीच्या घासानं कुरतडत बसला. "मग मामा, त्या रोपांना पाणी किती दिवसांनी देता?" त्यानं विचारलं. मामा सांगत होते आणि मी सगळा भात संपवला. लोणचं परत घेतलं.

बाहेर आल्यावर नितीन गाडी काढायला गेला. मी मामांना विचारलं, "नापास ना?"

"उठला तर व्हता."

"हो."

"बस म्हनल्यावर बसला." मामांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली, बघितली आणि परत ठेवली. "आईला सांग, तारीख बघाय घ्या."

मामा रस्त्याकडं बघत होते.

"तिनं बी म्हनलं आसतं, तर मी बसलो आसतो," ते म्हणाले. "पन तिला तसं म्हनता यावं, आसा मी कवा वागलोच न्हाई."

नितीन गाडी घेऊन आला, तसे मामा पुढं झाले आणि त्याला हाक मारली, "ओ पाव्हनं, चा पिऊन जाऊ. बसून पिऊ."