बागूल सरांची स्थळं

बेडकाच्या तोंडात कापसाची काडी फिरवताना आमचे बागूल सर त्याला म्हणतात, "आ कर राजा, तुझं स्थळ बघायचंय."

आम्ही नाशिकला एकाच कॉलेजात होतो. ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. निवृत्तीनंतर माणसं नातवंडांत रमतात. सरांनी लग्नच केलं नाही, म्हणून ते बेडकांत रमले. त्र्यंबकच्या वाटेवर पठारावर एक डबकं आहे. भोवती रस्ता आणि बंगले झाले आणि तिथले दुर्मिळ बेडूक कोंडले गेले. अंडी घालत, पण बरीचशी नासून जात. सरांनी काड्यांवरची लाळ पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. जनुकांमधल्या खुणा ताडून पाहिल्यावर कळलं, सगळे एकमेकांचे जवळचे नातलग.

"घरातल्या घरात सोयरिकी! दुसरं काय होणार?" सर कॉलनीभर सांगत सुटले. एका साखरपुड्यात तर त्यांनी हे नवऱ्यामुलाच्या आईलाच ऐकवलं. भरल्या ताटावरून उठून मीच त्यांना बाहेर काढलं.

मग डोंगरापलीकडच्या तळ्यातल्या बेडकांच्या खुणा तपासल्या. जात तीच, नातं लांबचं. वनखात्याच्या परवानगीसाठी सरांनी इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई "या, वधूपिते" म्हणू लागला. अखेर पलीकडचे पाहुणे या डबक्यात सोडले.

यंदा पिल्लं झाली, चांगली भरपूर. त्यांच्यात दोन्हीकडच्या खुणा निघाल्या. मी पेढे घेऊन पठारावर गेलो, तर सर काठावर गप्प बसलेले.

"सर, कार्य पार पडलं की!"

"मामाची मुलगी होती," ते म्हणाले. "सटाण्याची. लहानपणापासून ठरलेलं. मला ती फार आवडायची हो. पण बी.एस्सी.ला हे सगळं शिकलो आणि मीच नाही म्हणालो. आज सकाळपासून तिची सारखी आठवण येतेय."

मी त्यांच्याशेजारी बसलो. "तिला कारण सांगितलंत?"

"सांगितलं ना. त्यांच्या अंगणात काडीनं आकृती काढून दाखवली. जवळचं रक्त, मुलांना धोका, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, 'पोरेस्नं ऱ्हाऊ दे. माले तूच पाहिजे व्हता.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मला वाटलं, तिला नीट कळलं नाही," सर म्हणाले. "मी आकृती पुन्हा काढली."