मणी सारखे येत नाहीत

मेहनाजचं पत्र येऊन सात महिने झाले, तरी मडिवाळप्पा सरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. निवृत्त सर फोन उचलत नाहीत, म्हणून या जुन्या विद्यार्थिनीने सोलापुरातूनच सोलापुरात पोस्टाने लिहिलं होतं : 'सर, केसाएवढ्या नळीत तेलाच्या धारेने जेलचे थेंब तोडते. त्यांचे बारीक मणी होतात, औषध भरायला. पण मणी सारखे येत नाहीत. काय करू?'

सरांनी नऊ उत्तरं लिहून फाडली. आपल्याला काय कळतं?

"पोरीची शिष्यवृत्ती चालली की!" सरांच्या पत्नी सावित्रम्मा बाजारातून ओरडतच आल्या. "उद्या कमिटीम्होरं मणी करून दावायचे हायत. सांगा कायतरी, मी फोन लावते."

"मणी मध्येच थांबत असतील," सर पुटपुटले. "पंपाचा जोर वाढवावा. बहुतेक. म्हणजे, नक्की नाही..."

"मेहनाज, सर म्हनतेत, जोर वाढव!" सावित्रम्मांनी कळवलं. 'बहुतेक' त्यांनी गाळलं.

दुसऱ्या दिवशी मेहनाजने जोर वाढवला. थेंब तुटायचेच थांबले. जेलची लांबच लांब शेवई निघाली. ती पंप बंद करायला धावली, तोच नळी निसटली आणि तेलाची चिळकांडी अध्यक्षांच्या चष्म्यावर बसली.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. "सर, मणी थांबत नव्हते हो! एक केसाच्या जाडीचा, दुसरा त्याच्या निम्मा. सारखे म्हणजे एका मापाचे!"

सरांनी तिचं पत्र पुन्हा उघडलं. "मला वाटलं, सतत."

"जन्मभर पोरांना मापं शिकवली, अन् हे कळंना तुमाला?" सावित्रम्मा म्हणाल्या.

"माझं नाव सांगितलंस?" सरांनी मेहनाजला विचारलं.

"न्हाई सर. माझीच अक्कल म्हटलं." ती रडण्याआधी हसतात तसं हसली. "चूक कशी झाली ते लेखी मागितलंय. सोमवारी शिष्यवृत्तीचा निकाल."

ती गेल्यावर सरांनी दहावं उत्तर लिहिलं : 'पंपाचा सल्ला माझा होता. शब्दाचा अर्थ मी चुकीचा घेतला. तुझा दोष एवढाच, की तू माझं ऐकलंस. हे कमिटीला दाखव.'

सकाळी पोस्टाच्या खिडकीत त्यांनी पाकीट सरकवलं, पण बोटं सुटेनात.

"आजोबा, सोडता का?" आतून विजयमालाबाई म्हणाल्या.

"एकच शब्द बदलतो..."

"मागं रांग बघा की!"

बाईंनी पाकीट हिसकलं आणि धाडकन शिक्का मारला. आता काहीच फाडता येणार नाही हे कळून सरांना दरदरून घाम फुटला.