पाचव्या पासवर्डाची मोहीम

आठवी ब या तुकडीच्या समस्त मुलींचे हुजुरास विज्ञानमास्तरांच्या कन्येचा अर्ज ऐसा जे: आपण फर्मावले की, प्रयोगशाळेचा गड कोणी दिला, कोणी अडवला आणि कोणत्या शस्त्राने घेतला, हे जसे घडले तसे लिहावे, पदरचे घालू नये, आणि कंपनीस फार हसू नये. पहिल्या दोन आज्ञा शिरसावंद्य. तिसरीबद्दल लेखणीस ताकीद दिली आहे, पण ती ऐकेल याची हमी नाही.

पूर्वी या शाळेत संगणक नव्हता, पण संगणकाचे शिक्षण होते. मास्तर वर्गातील फरशांवर खडूने चौकटी आखीत, आणि एका मुलीस यंत्र करीत, आणि बाकीच्या त्या यंत्रास कागदावर लिहिलेले हुकूम देत: दोन पावले पुढे जा, भिंत आली तर डावीकडे वळ, नाही आली तर पुन्हा तेच कर. हुकुमात खोट असली की यंत्र बाकावर आदळे, आणि मग सारी फौज खोट शोधू लागे. मास्तरांचा रिवाज ऐसा की, फळ्यावरची पहिली ओळ ते जाणूनबुजून चुकीची लिहीत, आणि जी मुलगी चूक पकडे तीस एक अखंड खडू बक्षीस देत. या रिवाजाने एक मुलगी, जीस शंकाबाई म्हणत, इतकी मातब्बर झाली की तिच्या दप्तरात अकरा खडू जमले.

मग एके दिवशी एक बडी तंत्रज्ञान कंपनी सरंजामानिशी चालून आली. अग्रभागी सामाजिक जबाबदारी खात्याचे अधिपती, ज्यांस यापुढे जबाबदारसाहेब म्हणावे, आणि त्यांच्या मागे छायाचित्रकार, त्यामागे फुगे, त्यामागे टी-शर्टांची खोकी, आणि पिछाडीस, गरज पडलीच तर असावेत म्हणून, वीस लॅपटॉप. जबाबदारसाहेबांनी भाषणात ‘उद्या’ हा शब्द चौदा वेळा उच्चारला आणि ‘आज’ एकदाही नाही. मग भिंतीस कंपनीचा निळा रंग चढला, आणि दारावर ‘उद्याची प्रयोगशाळा’ ही पितळी पाटी लागली, आणि रिबीन कापतेवेळी कंपनीची कात्री बोथट निघाली, तेव्हा मास्तरांनी बेडूक कापायची काढून दिली. मुलींस शिकवील कोण, असे त्यांनी अदबीने विचारले. उत्तर मिळाले की, ॲप आहे.

गडाचा बंदोबस्त मोठा कडेकोट. एक यंत्र मुख्य, ते उघडल्याखेरीज बाकी एकोणीस उघडत नाहीत, आणि त्याचा पासवर्ड प्रयोगशाळाप्रमुखाने एकट्याने ठेवावा, कोणास सांगू नये. मास्तरांनी ठेवला. मग त्यांनी आणि मुलींनी वह्यांत पेन्सिलीने प्रोग्राम लिहावयास घेतला, कारण घंटा देणारे शिपाईमामा अलीकडे विसरत आणि गणिताचा तास दुप्पट चाले, तेव्हा घंटा यंत्रानेच द्यावी अशी मसलत ठरली. प्रोग्राम एकोणतीस ओळींचा झाला. कागदावर चुका काढून सोमवारी यंत्रावर चढवावा, असा हुकूम सुटला.

शनिवारी मास्तर वारले.

सहा आठवडे गड बंद राहिला. मग कंपनीचा खलिता आला की, वापर शून्य दिसतो, महिनाअखेरपर्यंत शून्यच राहिल्यास यंत्रे अधिक उत्सुक शाळेस देण्यात येतील. त्याच दिवशी मास्तरांची कन्या त्यांच्या कपाटातले सामान न्यावयास आली होती. तिने खलिता वाचला, पिशवी खाली ठेवली आणि कंपनीच्या मदत कक्षास फोन लावला.

“नोंदणीकृत प्रमुखांनी स्वतः विनंती करायला हवी, मॅडम.”

“ते वारले.”

“अरेरे. मग तसं त्यांच्या नोंदणीकृत ईमेलवरून कळवा ना.”

कन्येने आवाज न चढवता विचारले की, कळवताना त्यांनी मृत्यूचा दाखला जोडावा काय. पलीकडून जबाब आला की हो, पीडीएफ करून.

तेव्हा तहाची बोलणी फिसकटली आणि वेढा सुरू झाला. कायदा ऐसा की, पासवर्ड पाच वेळा चुकला तर मुख्य यंत्र स्वतःस कायमचे मिटून घेते आणि कंपनीकडे परत जाते. कन्येने पहिला हल्ला आईच्या नावाने केला, दुसरा स्वतःच्या जन्मतारखेने, तिसरा शाळेच्या स्थापनेच्या सालाने. चौथ्यास मास्तरांच्या लाडक्या मूलद्रव्याचे नाव घातले. चारही मोर्चे मारले गेले. मग यंत्रास दया आली म्हणावी की काय, पडद्यावर बारीक अक्षरांत उमटले, ‘संकेत: पहिली चूक’.

“पहिली चूक?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “अहो, ही यंत्रं घेतली, हीच आमची पहिली चूक.”

कन्या मनात बापाच्या चुकांची यादी करू लागली. ती यादी सहा आठवड्यांपूर्वी होती त्याहून बरीच आखूड निघाली, आणि तीत पासवर्ड होण्याजोगे काही नव्हते.

इतक्यात आठवी ब, जी दाराशी कान लावून मोर्चेबांधणी करीत होती, आत घुसली.

“ताई, मला माहितीये,” शंकाबाई म्हणाली. “सगळ्यांनाच माहितीये. सर पहिल्याच दिवशी सांगतात.”

“सांगायचे,” शेजारीण हळूच म्हणाली.

“हां, सांगायचे. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची होती, तिला इथे आणलं, तर ती म्हणाली, पगोयशाळा. सर म्हणाले, प्रयोगशाळा. तर ती म्हणते, बाबा, तुम्हीच चुकताय! सर म्हणाले, माझी चूक काढणारी पहिली विद्यार्थिनी ती. म्हणून तिला खडू दिला.”

“आणि तिने तो खाल्ला,” मागून कोणी म्हणाले.

कन्या समजत आली होती की हा शब्द घरातला आहे, तिघांचाच आहे, आणि आता तर जवळजवळ कोणाचाच नाही. तो तर दरसाल नव्या तुकडीस रीतसर वाटला जात होता. तिने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता, पण पदरचे घालू नये तसे घडलेले गाळूही नये.

पाचवा आणि अखेरचा हल्ला शंकाबाईच्या बोटांवर सोपवला. इथे कंपनीचे ऋण मान्य करणे प्राप्त आहे, कारण कळफलक मातृभाषेचा होता.

“ळ कुठाय? ळ सापडत नाहीये!”

“शिफ्ट दाब, शिफ्ट!”

“आधी साधा ल टाकून बघू?”

“बघू नकोस गं बाई! एकच उरलाय!”

मग ळ हाती लागला, आणि काना बसला, आणि पडद्यावर अक्षरे आली, ‘स्वागत आहे, सर’. मग एकोणीस यंत्रे एकामागून एक उजळली, आणि एकोणतीस ओळी चढल्या, आणि घंटा वाजली, ती अवेळी, ऐन परीक्षेत, आणि सारी शाळा मैदानावर आली. चूक सातव्या ओळीत निघाली. ती मुलींची की मास्तरांनी मुद्दाम ठेवलेली, याविषयी दफ्तरात एकमत नाही.

वापर वाढलेला पाहून जबाबदारसाहेबांचे अभिनंदन आले, आणि यशोगाथेसाठी प्रयोगशाळाप्रमुखांचे हसतमुख छायाचित्र मागवले गेले. आठवी ब ने उलट फर्मान धाडले ते ऐसे: टी-शर्ट पोचले, गुडघ्यापर्यंत येतात. फुगे पुरे. पासवर्डास यापुढे दोन धनी असावेत, कारण माणसे मरतात. आणि दर आठवड्यास दोन तास, रोज प्रोग्राम लिहिणारे एक खरे माणूस धाडावे, जे चुकते आणि चूक दाखवली तर रागावत नाही.

तीन स्मरणपत्रांनंतर कंपनीच्या एक प्रोग्रामर बाई येऊ लागल्या, छायाचित्रकाराविना. पहिल्याच दिवशी मुलींनी त्यांच्या तीन चुका काढल्या. बाई मनापासून हसल्या आणि येताना खडूचे खोके आणू लागल्या. कंपनीने जे जे दिले त्यांत सर्वात कामाचे हेच ठरले, आणि यशोगाथेत ते नाही.

येणेप्रमाणे गड फत्ते झाला आणि आठवी ब चा अंमल बसला. पासवर्ड बदलावा काय, असे यंत्राने पुसले, त्यास नाही म्हणून कळवले. दारावरची पितळी पाटी मुलींनी उतरवली, आणि तेथे खडूने, ठळक अक्षरांत, ‘आजची पगोयशाळा’ असे लिहिले. शुद्धलेखन चुकले आहे, असे कोणा जाणत्यास दिसल्यास त्याने आत यावे, चूक सांगावी आणि आपला खडू घेऊन जावा.